जावयाचं तिकाटणं

“मोटारीवालं पाहिजे की बिनमोटारीचं?” सासऱ्यांनी फोनवर विचारलं.

वैजयंती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, रिसीव्हरला कान लावून. प्रश्न ऐकताच तिनं जोरजोरात मान हलवली आणि हवेत बोट गोल फिरवून दाखवलं. म्हणजे मोटारीवालं. मला ते लख्ख कळलं होतं, आणि तरी माझ्या तोंडून निघालं, “बिनमोटारीचं चालेल आबा. साधंच बघा. उगीच त्रास घेऊ नका.”

पलीकडे आबा खूश झाले. “जावई असावा तर असा,” ते तिथल्या कुणाला तरी म्हणाले, बहुधा सासूबाईंना, आणि त्यांनी फोन ठेवला. वैजयंतीनं डोळे मिटून घेतले होते. मी दोन मिनिटं रिसीव्हर पुसत बसलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं लोटली. आमचं लग्न होऊन तेव्हा सहा महिनेसुद्धा झाले नव्हते आणि पहिला दिवाळसण तोंडावर आला होता. माझे सासरे, विश्वंभर तोडकरी, यांचं बार्शीत मोटारपंपांचं आणि ऑइल इंजिनांचं दुकान. लग्न ठरवायच्या बैठकीत मी ताठ बसून सांगितलं होतं, की मुलगी आणि नारळ, यापलीकडे मला काही नको. हे वाक्य बार्शीत फार गाजलं. तोडकऱ्यांना लाखात एक जावई मिळाला असं लोक माझ्यासमोर बोलायचे, आणि मी खाली बघून ते नीट ऐकून घ्यायचो. खरं सांगायचं तर त्या कौतुकाची मला चटक लागली होती.

दिवाळसणाला मात्र आबा ऐकेनात. जावयानं काही मागितलं नाही तर आमचं नाक कापल्यासारखं होईल, काहीही सांगा पण सांगा, असा त्यांनी धोशा लावला. तेव्हा वैजयंती मला म्हणाली, “मग माझ्यासाठी दुर्बिणीचा स्टँड मागाल?”

तिला आकाशाचं वेड होतं. बार्शीला शाळेत शिकवत असताना तिनं स्वतःच्या पगारातून एक वापरलेली दुर्बीण घेतली होती, घरी कळू न देता शाळेतच ठेवली होती, आणि ती भांड्याकुंड्यांच्या आधी आमच्या फ्लॅटवर आली होती. लग्नासाठी तिनं नोकरी सोडली, पुण्यात अजून दुसरी लागलेली नव्हती, आणि माझा पगार घराच्या हप्त्यांत जात होता. दुर्बीण ती माझ्या कॅमेऱ्याच्या तकलादू ट्रायपॉडवर बसवायची. कुणी जिना चढला तरी गुरू थरथरायचा. तिला नुसतं बघायचं नव्हतं, फोटो काढायचे होते, आणि सगळ्यांत आधी देवयानीचा. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची दुसरी आकाशगंगा, दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ईशान्येला वर आलेली असते, हे मला तिनंच सांगितलेलं. ती इतकी फिकी, की कॅमेऱ्याचं शटर मिनिट-मिनिटभर उघडं ठेवावं लागतं. आणि तेवढ्या वेळात आकाश सरकतं.

“नळी लहान असली तरी चालते हो,” ती ओट्याशी उभी राहून मला समजावून सांगायची. “नवीन माणूस सगळे पैसे नळीवर घालतो आणि स्टँडला कंजुषी करतो. खरं काम स्टँडचं असतं.” मग ती लाटणं घ्यायची, त्याचं एक टोक उत्तरेकडे, जरासं वर, ध्रुवाकडे रोखायची आणि स्वतःभोवती सावकाश फिरवायची. या आसावर दुर्बीण मोटारीनं फिरत राहिली तर ती आकाशाच्या बरोबरीनं चालते, तारा जागच्या जागी राहतो. नुसता वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळणारा स्टँड बघायला छान, फोटोला कुचकामाचा. पावसाळाभर तिनं कुठला स्टँड घ्यायचा याचा अभ्यास केला होता. मी ऐकायचो, मान डोलवायचो आणि पोळी वाढायला सांगायचो.

“तूच सांग ना आबांना,” मी म्हणालो होतो.

“तुम्ही मागितलंत तर येईल. मी मागितलं तर येणार नाही.”

“का?”

“तुम्ही मागा तर खरं.”

आणि मी असा मागितला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, की पुन्हा लावा आणि मोटारीचं तेवढं सांगा. मी म्हणालो, आता परत फोन करून मोटर मागायची म्हणजे बरं दिसत नाही, आबा काय म्हणतील. ती “बरं” म्हणाली आणि आत गेली. नंतर तिनं तो विषय काढला नाही आणि मीही नाही.

दिवाळीला आम्ही बार्शीला पोचलो तेव्हा माझी कीर्ती माझ्या आधी पोचलेली होती. वैजयंतीचे नानाकाका ओसरीवरच बसले होते. “लोकांचे जावई अंगठी मागतात, गाडी मागतात,” ते शेजाऱ्यांना सांगत होते, “आमच्या जावयानं दुर्बिणीचं तिकाटणं मागितलं. तेही साधं.” सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्यात अजून तरी मायाच होती.

आबांनी मला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. हाताला धरून गच्चीवर नेलं. गच्चीच्या मधोमध सिमेंटचा एक चौथरा बांधलेला होता, गुडघाभर उंच, चारी कडा गिलावा करून घोटलेल्या. त्याच्यावर तो स्टँड उभा होता. चांगला दणकट, काळाभोर, तिन्ही पाय फाउंडेशन बोल्टांनी चौथऱ्यात आवळलेले. त्याला झेंडूची माळ घातली होती आणि हळदीकुंकू लावलं होतं.

“हलवून बघा,” आबा म्हणाले.

मी हलवून बघितलं. हलला नाही.

“इंजिन काय आन् दुर्बीण काय, फाउंडेशन पक्कं पाहिजे. वैजूच्या बोलण्यात आलतं मागं, पुण्यात थरथरतं म्हणून. आता हत्ती बांधा याला.” मग ते जरा थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, “पुण्यात कुठं दिसतंय आभाळ? इथं या. सुट्टी मिळंल तसं या. त्या निमित्तानं पोरगी घरी येईल.”

दुकान टाकून ते मुंबईला जाऊन तो स्टँड घेऊन आले होते, हे मला सासूबाईंनी जेवताना सांगितलं. दुकानदार मोटारीवालं दाखवत होता, पण आबांनी त्याला निक्षून सांगितलं, की आमच्या जावयांना साधंच पाहिजे, त्यांना हाव नाही. हे ऐकताना मी पुरणपोळीचा तुकडा मोडत होतो. समोर वैजयंती वाढत होती. ती माझ्या ताटात तूप सोडून पुढे गेली.

त्याआधी गच्चीवर ती माझ्या मागोमाग आली होती. तिनं त्या स्टँडभोवती एक फेरी मारली, एका बोल्टावर बोट ठेवलं. “आबांनी किती केलंय,” एवढंच ती म्हणाली. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लक्ष्मीपूजन आटोपल्यावर आबांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. अमावास्या होती, आकाश काळंभोर होतं, फक्त बाजाराच्या बाजूला फटाक्यांचा धूर साचलेला. नानाकाका, त्यांची मंडळी, शेजारची दोन घरं, सगळे सतरंजीवर बसले. वैजयंतीनं पुण्याहून गोधडीत गुंडाळून आणलेली दुर्बीण स्टँडवर चढवली आणि बाजूला झाली. कारण सगळ्यांच्या लेखी ती दुर्बीण जावयांची होती. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मला पूर्वेला चमकणारा गुरू तेवढा माहीत होता. मी नळी तिकडे वळवली आणि डोळा लावला, तर आत नुसता अंधार. जरा डावीकडे नेली, जरा उजवीकडे नेली. कुणीतरी खोकलं. वैजयंती माझ्या पाठीमागून हळूच म्हणाली, “थोडं खाली.” मी वर नेली. शेवटी तिनं “बघू” म्हणून माझा हात बाजूला केला आणि एका दमात गुरू पकडून दिला. त्याचे चार चंद्र एका ओळीत दिसले तेव्हा सासूबाईंनी हात जोडले, आणि लोक एकामागून एक डोळा लावायला उठले.

“आता फोटो होऊ द्या,” नानाकाका म्हणाले. “त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.”

वैजयंतीनं माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा पुढे केला. तिनं तो जोडला, देवयानी शोधली, पुष्कळ वेळ लावून नीट मध्यावर आणली, आणि शटर उघडून श्वास रोखून उभी राहिली. मग कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो उमटला आणि नानाकाकांनी मान पुढे घातली.

“शेवया दिसतात,” ते म्हणाले.

खरंच शेवया होत्या. प्रत्येक ताऱ्याची एक पांढरी रेघ, आणि देवयानीच्या जागी एक पुसट फरकाटा. लोक हसले. वैजयंतीनं आणखी एकदा काढून बघितला, आणखी शेवया निघाल्या. मग तिनं दुर्बिणीवर झाकण लावलं आणि कठड्याकडे जाऊन पाठमोरी उभी राहिली.

“काय चुकलं?” आबांनी मला विचारलं.

याला एकच उत्तर होतं, आणि ते फक्त मला आणि तिला ठाऊक होतं. मोटर नाही, आबा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नको म्हणालो, म्हणून नाही. एवढं बोलायला काय लागतं? पण सतरंजीवर ते सगळे बसले होते, ज्यांनी मला लाखात एक म्हटलं होतं. मी मान खाली घालून चौथऱ्याकडे बघत राहिलो.

आणि त्या घरानं माझ्या गप्प बसण्याचा तिथं जो निघू शकतो तोच अर्थ काढला. पहिल्या दिवाळसणाला जावई तोंड पाडून बसला, तर तो रुसलाच असणार. सासूबाई काकूंच्या कानाशी लागल्या. नानाकाकांचं हसू मावळलं. “घेऊन जायचं आसंल त्यांना,” ते आबांना म्हणाले, अर्धवट मला ऐकू जाईल असं. “तू आपला सिमेंटात गाडून बसलास.”

आबा उठले. साठीचा माणूस, दुकानात ज्यांच्या समोर गिऱ्हाईक उभं राहायचं, ते टोपी सारखी करत माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले.

“जावईबापू, आमाला कळलं न्हाई. अडाण्यावानी केलं मी. सकाळी माणसं लावून चौथरा फोडतो, गाडीत घालून पुण्याला पोच करतो. आणखी काय कमी पडलं आसंल तर सांगा. पर सणाचं आसं बसू नका.”

“नाही नाही आबा,” मी म्हणालो. “तसं काही नाही.”

एवढंच म्हणालो. त्यांचे जोडलेले हात माझ्या छातीसमोर होते आणि ते खाली करायचं बळसुद्धा माझ्यात नव्हतं. लाज वाटते म्हणतात ती काय असते हे मला तेव्हा कळलं. कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या, आणि तरीही मी विचार हाच करत होतो, की यातून माझं नाव कसं राखता येईल.

“आबा, हात खाली करा,” कठड्याकडून वैजयंती म्हणाली. “ते रुसलेले नाहीत. तो स्टँड त्यांना नकोच होता. मला हवा होता.”

कुणालाच काही बोध होईना. तिनं तो करून दिला. दुर्बीण तिची, फोटो तिला काढायचे, यांना गुरू कुठला आणि शुक्र कुठला ते माहीत नाही. मीच यांना मागायला लावलं. मोटारीचं मात्र ती काही बोलली नाही. माझ्या वाट्याचं तेवढं तिनं झाकून ठेवलं, आणि मी ते झाकलेलं राहू दिलं.

आबांनी हात खाली घेतले. त्यांना राग आला नव्हता, उलट जीव भांड्यात पडल्यासारखे ते हसले. “येडी का काय तू? मग मला सांगायचं की, पोरी. मी कवा तुला न्हाई म्हणलोय?”

“सांगितलं होतं,” वैजयंती म्हणाली.

“कवा?”

“बारावीला पहिली आले तेव्हा. तुम्ही विचारलंत, काय पाहिजे. मी दुर्बीण म्हणाले. तुम्ही म्हणालात, ती काय करायची, लग्न झालं की नवऱ्याकडनं घे.” ती भांडत नव्हती, आवाजही चढला नव्हता. “म्हणून स्टँड त्यांच्याकडनं मागितला.”

आबा आठवायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना आठवत नव्हतं, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. शेवटी ते “म्हणलो असंन,” असं म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले. त्यांच्या मागोमाग एकेक करून सगळे उतरले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आबा सकाळपासून दुकानात जाऊन बसले होते. दुपारी वैजयंती धुतलेले कपडे वाळत घालत होती तेव्हा मी तिला गाठलं आणि म्हणालो, की मोटारीचं मी त्यांच्यावर भार नको म्हणून बोललो होतो.

“भार त्यांच्यावर पडला असता,” ती चिमटा लावत म्हणाली. “तुमच्यावर काय पडत होतं?”

मी बादलीतला पुढचा कपडा उचलून तिच्या हातात दिला.

दिवे लागल्यावर माजघरात पाट मांडले. तिकडच्या रिवाजाप्रमाणे पाडव्याला आधी लेक बापाला ओवाळते, मग बायको नवऱ्याला. आबा अंगात नवा सदरा घालून पाटावर बसले. शेजारच्या पाटावर मी. वैजयंतीनं त्यांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन. आता आबांचा हात खिशात जायचा आणि पाकीट तबकात पडायचं. सासूबाई तबकाकडेच बघत होत्या. आबांचे दोन्ही हात गुडघ्यांवरच राहिले.

“आज मी काय आणलं न्हाई,” ते म्हणाले. “तू माग.”

“राहू द्या आबा.”

“राहू देयाचं न्हाई. तुला काय पाहिजे ते तुझ्या तोंडानं सांग. सगळ्यांसमोर सांग. मला काय कळत न्हाई त्यातलं, तवा नीट इस्कटून सांग.”

ती तबक घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, ही आता रडणार. पण तिनं घसा खाकरला आणि सुरुवात केली. आधी चाचरत, आवाज इतका बारीक की नानाकाकांनी पुढे सरकून ऐकलं. मग आस आला, ध्रुव आला. आस किती तिरका लावायचा, बार्शीला किती आणि पुण्याला किती. दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला वजन का लावायचं, ते. आबा मध्येमध्ये थांबवून विचारत होते.

“मोटर फेरा मारती किती?”

“दिवसात एक.”

“दिवसात एक?” आबांनी भुवया चढवल्या. “एवढं हळू फिरवायचं म्हणजे गिअर लई नामी लागत आसणार.”

“तिथंच तर सगळं आहे आबा. गिअर खडबडीत असला की तारा हलतो.”

“मग सादं आणून मी चूकच केली की.”

“तुमची नाही,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

तो क्षण मला धरता आला असता. आबा, चूक माझी, असं एक वाक्य. ते ओठांपर्यंत आलं, आणि तेवढ्यात आबांनी पुढचा प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं, आणि माझी पाळी निघून गेली. चौथरा तसाच ठेवायचं ठरलं, त्याच्यावर मोटारीवालं बसवायचं, आणि निवडायला तिनं स्वतः आबांबरोबर मुंबईला जायचं. निरांजनातलं तूप संपत आलं होतं. सासूबाईंनी पुढे होऊन ते भरलं. बापलेकीचं बोलणं चालूच होतं, आणि मी शेजारच्या पाटावर मांडी घालून बसलो होतो. त्या बोलण्यात माझी कुणाला गरज नव्हती. इतकी वर्षं त्यांच्यात न झालेलं ते बोलणं मी नुसतं ऐकत होतो.

मग ती माझ्यासमोर आली. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. सगळं नीट, सावकाश, कुठंही घाई नाही. आबा, नानाकाका, सासूबाई, सगळे माझ्या हाताकडे बघत होते, कारण आता जावयाची ओवाळणी.

मांडीखाली मी पिशवी ठेवली होती. तिच्यात एक साडी होती. ती मी पुण्यात आईला बरोबर नेऊन घेतली होती. रंग आईनं पसंत केला, काठ मी. वैजयंतीला काय हवं हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मला पिशवी तिथंच राहू द्यावीशी वाटली, पण हात पुढे झाला होता आणि माणसं बघत होती. मी साडी तबकात ठेवली.

“छान आहे,” वैजयंती घडी न उघडताच म्हणाली.